वाऱ्याला वळण लावणारा शिक्षक

पवनऊर्जेची चर्चा निघाली की एक आक्षेप हमखास पुढे येतो. वारा वाहील तेव्हा वीज मिळेल, पण वारा पडल्यावर काय? आक्षेप रास्त आहे आणि तो बराच जुनाही आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी डेन्मार्कमधील एका आडवळणाच्या खेड्यात एका शिक्षकाने पवनचक्कीचे काम हाती घेतले, तेच मुळी या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी. पॉल ला कूर हे त्या शिक्षकाचे नाव. आज जगभर डोंगरमाथ्यांवर आणि समुद्रात उभ्या असलेल्या पवनचक्क्यांची वंशावळ शोधत मागे गेले, की तिचा एक प्रमुख धागा त्यांच्या शाळेच्या आवारात जाऊन पोहोचतो. डेन्मार्कबाहेर मात्र तंत्रज्ञानाचे अभ्यासक सोडले तर त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही.

वाऱ्यावर वीज निर्माण करणारे ला कूर हे पहिले नव्हेत. स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ या प्राध्यापकांनी १८८७ मध्ये आपल्या सुट्टीतील घराच्या आवारात कापडी शिडांची चक्की उभारून घरातले दिवे उजळले होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत क्लीव्हलँड येथे चार्ल्स ब्रश या संशोधक उद्योजकाने आपल्या प्रासादतुल्य बंगल्यामागे १७ मीटर व्यासाची आणि १४४ लाकडी पात्यांची अजस्र चक्की बांधली. तिची क्षमता १२ किलोवॉट होती. निर्माण होणारी वीज तळघरातील शेकडो विद्युतघटांत साठवली जाई. ही चक्की सुमारे वीस वर्षे चालली. या दोन्ही प्रयोगांचे मोल मोठे आहे. परंतु दोन्हींचा लाभ एकेका घरापुरता होता. ब्रश यांच्यासारखा खर्च करण्याची ऐपत नसलेल्या साध्या शेतकऱ्यांच्या गावाला वाऱ्याची वीज कशी देता येईल, हा विचार ला कूर यांनी केला. त्यांच्या कार्याचे वेगळेपण या विचारात आहे.

पॉल ला कूर यांचा जन्म १३ एप्रिल १८४६ रोजी जटलंड द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावरील एबेल्टोफ्ट या गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. आडनाव फ्रेंच वळणाचे असले, तरी घराणे पुरते डॅनिश झालेले होते. शेतीच्या वातावरणात वाढलेल्या या मुलाचा ओढा निसर्गविज्ञानाकडे होता. कोपनहेगन येथे त्यांनी पदार्थविज्ञान आणि हवामानशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १८६९ मध्ये ते पूर्ण केले. वारा, पाऊस, तापमान यांच्या काटेकोर नोंदी ठेवण्याची सवय त्यांना याच काळात लागली. पुढे आयुष्यभर ती त्यांच्या उपयोगी पडली.

त्यांच्या तारुण्यावर एका राष्ट्रीय आघाताची छाया होती. १८६४ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्याशी झालेल्या युद्धात डेन्मार्कचा दारुण पराभव झाला. श्लेसविग आणि होल्श्टाइन हे समृद्ध प्रांत हातचे गेले. आधीच लहान असलेला देश आणखी आक्रसला. त्या वेळी ला कूर अठरा वर्षांचे होते. या पराभवानंतर डॅनिश समाजात एक विचार बळावला. सीमेपलीकडे जे गमावले, ते सीमेच्या आत कष्टाने आणि शिक्षणाने मिळवायचे. जटलंडमधील ओसाड माळराने लागवडीखाली आणण्यासाठी १८६६ मध्ये संस्था स्थापन झाली. १८८२ पासून शेतकऱ्यांच्या सहकारी दूधसंस्थांचे जाळे विणले जाऊ लागले. महाराष्ट्रातील वाचकाला सहकाराची ही कथा परकी वाटणार नाही. ला कूर यांच्या पवनचक्कीमागची प्रेरणा समजून घ्यायची, तर ही पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते.

१८७२ मध्ये डेन्मार्कची राष्ट्रीय हवामान संस्था स्थापन झाली आणि तरुण ला कूर यांची तेथे उपप्रमुखपदी नियुक्ती झाली. राजधानीतील मानाची नोकरी, स्थिर उत्पन्न आणि समोर उज्ज्वल भविष्य, असे सारे जुळून आले होते. त्यातच ला कूर यांच्या शोधक बुद्धीने दुसरीकडे झेप घेतली. त्या काळी तारायंत्र हे संदेशवहनाचे सर्वांत वेगवान साधन होते. मात्र एका तारेवरून एका वेळी मोजकेच संदेश पाठवता येत आणि तारा टाकण्याचा खर्च प्रचंड असे. निरनिराळ्या स्वरांचे नादकाटे वापरून एकाच तारेवरून अनेक संदेश एकाच वेळी पाठवता येतील, अशी युक्ती ला कूर यांनी शोधली. प्रत्येक नादकाटा आपल्या स्वराशी जुळणाऱ्या विद्युतलहरींनाच प्रतिसाद देतो, हे तत्त्व तिच्या मुळाशी होते.

याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे एलिशा ग्रे आणि अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हेही याच दिशेने धडपडत होते. बेल यांच्या धडपडीतून पुढे टेलिफोन जन्माला आला. पेटंटांच्या त्या तीव्र स्पर्धेत लहानशा देशातील एका हवामानतज्ज्ञाला जागतिक कीर्ती मिळाली नाही. परंतु या संशोधनातून ला कूर यांनी एक विलक्षण उपकरण घडवले. नादकाट्याच्या कंपनांशी अचूक मेळ राखत फिरणारे दातेरी लोखंडी चाक असे त्याचे स्वरूप होते. या नादचक्रामुळे दूरवरची दोन यंत्रे एकाच गतीने चालवणे शक्य झाले. अमेरिकेत एका तारेवरून अनेक संदेश पाठवण्याच्या पद्धतीत या चक्राचा पुढे उपयोग झाला. ला कूर यांनी राजधानीत राहून हाच मार्ग चोखाळला असता, तर विद्युत अभियांत्रिकीच्या इतिहासात त्यांना कदाचित वेगळे स्थान मिळाले असते.

परंतु १८७८ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी कोपनहेगन सोडले आणि पत्नी व मुलांसह ते आस्कोव्ह या खेड्यात शिक्षक म्हणून दाखल झाले. अनेकांना हा निर्णय अनाकलनीय वाटला असेल, परंतु त्यामागे एक विचार होता. धर्मचिंतक आणि कवी ग्रुंट्विग यांच्या शिकवणुकीतून डेन्मार्कमध्ये लोकविद्यालयांची चळवळ उभी राहिली होती. शेतीची कामे कमी असताना खेड्यातील तरुण-तरुणींनी काही महिने एकत्र राहावे, इतिहास, भाषा, विज्ञान यांचा आस्वाद घ्यावा आणि परीक्षेच्या जाचाविना जाणते नागरिक व्हावे, अशी ही कल्पना होती. १८४४ मध्ये सुरू झालेले पहिले लोकविद्यालय रोडिंग येथे होते. १८६४ च्या पराभवानंतर रोडिंग परकीय सत्तेखाली गेले, तेव्हा ते विद्यालय नव्या सीमेच्या अलीकडे, आस्कोव्ह येथे हलवण्यात आले. १८७८ मध्ये तेथील अभ्यासक्रमाचा विस्तार करण्याचे ठरले आणि गणित व पदार्थविज्ञान शिकवण्यासाठी ला कूर यांना बोलावण्यात आले.

ला कूर यांच्या अध्यापनाची रीत त्या काळाच्या मानाने अगदी निराळी होती. सूत्रे पाठ करून घेण्याऐवजी मानवाला एखादे सत्य कसे उमगले, त्या वाटेवर कोण कुठे अडखळले, याची कथा सांगत ते विषय उलगडत. गणिताचा आणि पदार्थविज्ञानाचा इतिहास हाच त्यांचा अभ्यासक्रम होता. या व्याख्यानांतून त्यांचे ऐतिहासिक गणितावरील पुस्तक तयार झाले. सहकारी याकोब आपेल यांच्यासह त्यांनी ऐतिहासिक पदार्थविज्ञान हा ग्रंथही लिहिला. आपेल पुढे डेन्मार्कचे शिक्षणमंत्री झाले. नांगर धरणाऱ्या हातांना विज्ञान समजते, किंबहुना ते समजलेच पाहिजे, यावर ला कूर यांची अढळ श्रद्धा होती.

आस्कोव्ह येथे राहताना खेड्यांची एक व्यथा त्यांना रोज दिसत होती. वाफेच्या यंत्राने जगाचा कायापालट केला होता, पण ते यंत्र जितके मोठे तितके किफायतशीर ठरे. त्यामुळे भांडवल, कारखाने आणि रोजगार शहरांकडे ओढले जात होते. त्यापाठोपाठ तरुणही गाव सोडत होते. १८८० च्या दशकात विजेचे दिवे आले, तेही शहरांतच. खेड्यांच्या वाट्याला रॉकेलचा दिवा तेवढा राहिला. डेन्मार्कला दगडी कोळशाचे वरदान नाही. मोठ्या नद्या नाहीत, धबधबे नाहीत. वारा मात्र बारमाही आहे आणि तो राजधानीपेक्षा उघड्या माळावर अधिक मुक्तपणे वाहतो. धान्य दळणाऱ्या पवनचक्क्या तर गावोगावी पिढ्यान्पिढ्या फिरतच होत्या. या वाऱ्याला विजेचे रूप देता आले, तर शक्तीचे साधन खेड्याच्या दारातच उपलब्ध होईल, या विचाराने ला कूर यांच्या मनाची पकड घेतली.

त्यांनी सरकारकडे साहाय्य मागितले आणि ते मिळाले. १८९१ मध्ये आस्कोव्ह विद्यालयाच्या आवारात सरकारी अनुदानातून पहिली प्रायोगिक पवनचक्की उभी राहिली. खेड्यातील एका शिक्षकाच्या कल्पनेवर सरकारने असा पैसा खर्च करावा, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. चक्कीचे रूप चार पात्यांच्या पारंपरिक चक्कीसारखेच होते. मात्र तिला जोडलेला डायनॅमो नवा होता.

पहिली अडचण लगेचच समोर आली. वाऱ्याचा वेग क्षणोक्षणी बदलतो. दळणाच्या जात्याला त्याचे सोयरसुतक नसते. पीठ थोडे लवकर पडले काय आणि उशिरा पडले काय, बिघडत नाही. डायनॅमोला मात्र स्थिर गती लागते. झोताच्या लहरीबरोबर विजेचा दाब चढू-उतरू लागला, तर ती वीज निरुपयोगी ठरते. ला कूर यांनी पट्टे, कप्प्या आणि टांगलेले वजन यांची एक साधी रचना केली. वाऱ्याचा जोर कितीही वाढला, तरी डायनॅमोपर्यंत ठरावीक बळच पोहोचावे, अशी तिची योजना होती. क्रॅटोस्टॅट या नावाने ही रचना ओळखली जाते. पुढे त्यांनी तिची आणखी सुटसुटीत आवृत्ती तयार केली. तिच्यातील तत्त्व कोणत्याही गावच्या लोहाराला किंवा सुताराला समजू शकेल असे होते. ला कूर यांच्या लेखी हा तिचा मोठा गुण होता.

दुसरी अडचण साठवणुकीची. वारा पडल्यावर काय, हा प्रश्न येथे त्यांच्यासमोर उभा ठाकला. त्या काळचे शिशाचे विद्युतघट महाग होते आणि त्यांची निगा राखणे जिकिरीचे होते. ला कूर यांनी वेगळा मार्ग धरला. चक्कीची वीज पाण्यात सोडायची आणि विद्युत अपघटनाने पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन हे दोन घटक वेगळे करायचे. हे वायू टाक्यांत भरून ठेवायचे आणि हवे तेव्हा नळाने नेऊन दिव्यांत जाळायचे. वादळी रात्री मिळालेली शक्ती अशा रीतीने शांत संध्याकाळी वापरता येणार होती. या कामी इटलीतील पोम्पेओ गारुती यांनी तयार केलेले विद्युत अपघटनाचे उपकरण त्यांनी उपयोगात आणले.

१८९५ पासून १९०२ पर्यंत आस्कोव्ह विद्यालयातील दिवे या वायूवर चालले. वाऱ्यापासून मिळवलेल्या हायड्रोजनवर एक संपूर्ण शिक्षणसंस्था इतकी वर्षे उजळत राहावी, ही त्या काळातील असामान्य घटना होती. अर्थात तिला धोक्याची किनार होती. हायड्रोजनमध्ये ऑक्सिजनचा थोडा जरी अंश मिसळला तरी स्फोट होई. अशा स्फोटांमुळे विद्यालयाच्या खिडक्यांची तावदाने अनेकदा बदलावी लागली. ला कूर यांना हायड्रोजनवर चालणारे इंजिनही हवे होते, म्हणजे दिव्यांबरोबर यंत्रेही चालली असती. परंतु तेव्हाचे तंत्रज्ञान तेथवर पोहोचले नव्हते. ती आकांक्षा अपुरी राहिली.

याच वर्षांत ते पवनचक्कीच्या पात्यांकडे वळले. शतकानुशतके कारागीर परंपरेने पाती घडवत आले होते. कोणता कोन, किती रुंदी, किती पाती, याची उत्तरे अनुभवातून आलेली होती. मोजमापाने ती कोणी तपासलेली नव्हती. १८९६ च्या सुमारास ला कूर यांनी आस्कोव्ह येथे मोठी पोकळ नळकांडी बसवून त्यांतून पंख्याने हवेचा नियंत्रित झोत सोडला आणि त्यासमोर निरनिराळ्या आकारांची छोटी पाती ठेवून त्यांच्यावरील बळ मोजले. आजच्या भाषेत हा विंड टनेल होय. विमानाच्या पंखांसाठी राइट बंधूंनी असाच प्रयोग केला तो १९०१ मध्ये. त्याआधी काही वर्षे डेन्मार्कमधील एका खेड्यात वाऱ्याचे गणित मांडले जात होते.

या कामात त्यांना योहान इर्मिंगर आणि एच. सी. व्होग्ट या डॅनिश अभियंत्यांशी झालेल्या विचारविनिमयाचा लाभ झाला. वारा पात्याला समोरून ढकलतो, ही सर्वसाधारण समजूत. परंतु पात्याच्या मागील बाजूस हवेचा दाब कमी होतो आणि ते चोषणही पात्याला ओढते, हे या मंडळींच्या लक्षात आले होते. ला कूर यांच्या प्रयोगांतून एक अनपेक्षित निष्कर्ष निघाला. पाती जितकी अधिक तितकी शक्ती अधिक, हा समज वीजनिर्मितीच्या बाबतीत चुकीचा ठरला. योग्य वळणाची मोजकी पाती वेगाने फिरली, तर ती वाऱ्यातील ऊर्जा अधिक चांगल्या रीतीने वेचतात. डायनॅमोला वेगच हवा असल्याने हा दुहेरी लाभ होता. ब्रश यांच्या १४४ पात्यांची आणि ला कूर यांच्या चार पात्यांची तुलना केली, तर या निष्कर्षाचे महत्त्व सहज ध्यानात येते.

१८९७ मध्ये आस्कोव्ह येथे अधिक मोठी दुसरी प्रायोगिक चक्की उभी राहिली. १९०० आणि १९०३ मध्ये ला कूर यांनी आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. चक्क्या बांधणाऱ्या कारागिरांच्या हाती त्यामुळे मोजमापाचा आधार आला. फ्युन बेटावरील लिकेगॉर यांच्या कारखान्यासारख्या उत्पादकांनी या तत्त्वांवर वीजनिर्मितीच्या चक्क्या तयार केल्या. पुढील काही दशके डेन्मार्कच्या ग्रामीण भागात त्या फिरताना दिसत.

१९०२ हे वर्ष आस्कोव्ह गावासाठी महत्त्वाचे ठरले. तोपर्यंत विद्युतघट सुधारले होते. ला कूर यांनी हायड्रोजनचा आग्रह बाजूला ठेवला आणि प्रायोगिक चक्कीचे रूपांतर गावाला वीज पुरवणाऱ्या केंद्रात केले. आवडत्या कल्पनेपेक्षा उपयुक्ततेला मान देणारा हा निर्णय त्यांच्या वैज्ञानिक वृत्तीची साक्ष देतो. वारा मंदावला की विद्युतघटांतील वीज उलट डायनॅमोकडे वाहू नये, यासाठी त्यांनी आपोआप उघडणारी-मिटणारी कळ तयार केली होती. दीर्घकाळ वारा नसेल तेव्हा आधाराला तेलावर चालणारे इंजिन असे. वारा, साठवण आणि पर्यायी इंजिन, अशी ही त्रिसूत्री होती. वारा पडल्यावर काय, याचे व्यवहारात टिकणारे उत्तर त्यांना येथे गवसले. एकाच साधनावर सारा भार टाकण्याची चूक त्यांनी केली नाही.

परंतु एका गावात चक्की चालवून ला कूर यांचे समाधान होणार नव्हते. ऑक्टोबर १९०३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने डॅनिश पवनविद्युत संस्था स्थापन झाली. खेड्यांना वीजकेंद्र उभारण्यासाठी सल्ला देणे, आराखडे करून देणे आणि वाऱ्याच्या विजेचा प्रसार करणे हे तिचे कार्य होते. १९०४ पासून पवनविद्युतविषयक एक नियतकालिकही प्रसिद्ध होऊ लागले. गावकऱ्यांनी एकत्र येऊन भांडवल जमवायचे, केंद्र स्वतःच्या मालकीचे ठेवायचे आणि त्याचा कारभार स्वतः पाहायचा, ही सहकारी दूधसंस्थांची रीत विजेच्या क्षेत्रातही उतरत गेली.

या साऱ्यांत दूरगामी ठरले ते ग्रामीण वीजतंत्रज्ञांचे प्रशिक्षण. यंत्र बिघडले की शहरातून कोणी येईपर्यंत गाव अंधारात राहणार असेल, तर त्या विजेचा उपयोग काय, हे ला कूर जाणून होते. म्हणून १९०४ पासून आस्कोव्ह येथे शेतकरी कुटुंबांतील तरुणांसाठी विशेष वर्ग सुरू झाले. तारा जोडणे, डायनॅमोची निगा राखणे, विद्युतघट सांभाळणे आणि त्यामागील विज्ञान समजून घेणे असा हा अभ्यासक्रम होता. पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थ्यांत योहानेस यूल हा १७ वर्षांचा मुलगा होता. या नावाचा संदर्भ पुढे येणार आहे.

२४ एप्रिल १९०८ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी ला कूर यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र डॅन ला कूर यांनी भूभौतिकशास्त्रात नाव मिळवले आणि ज्या हवामान संस्थेतील पद वडिलांनी सोडले होते, तिचे प्रमुखपद १९२३ ते १९४२ या काळात भूषवले. ला कूर यांचे कार्य मात्र त्यांच्यामागे थांबले नाही. पहिल्या महायुद्धात कोळसा आणि तेल यांची आयात रोडावली, तेव्हा पवनचक्क्यांचे मोल अधिकच जाणवले. १९१८ मध्ये डेन्मार्कमधील सुमारे १२० स्थानिक वीजकेंद्रांकडे पवनचक्क्या होत्या. एकेकीची क्षमता साधारणतः २० ते ३५ किलोवॉट होती आणि सर्वांची मिळून सुमारे ३ मेगावॉट. देशाच्या त्या वेळच्या वीजवापरापैकी अंदाजे ३ टक्के गरज त्यांतून भागत असे.

युद्ध संपले आणि चित्र पालटले. आयात इंधन पुन्हा स्वस्त झाले. मोठ्या केंद्रांतून दूरवर नेता येणारी प्रत्यावर्ती वीज गावोगावी पोहोचू लागली. ला कूर यांच्या पद्धतीतील एकदिश वीज लांब अंतरावर नेणे परवडणारे नव्हते. एकेक करून चक्क्या थांबल्या. दुसऱ्या महायुद्धातील टंचाईने त्यांना काही काळ पुन्हा गती दिली, पण ती तात्पुरती होती. १९५० च्या आसपास पवनऊर्जा हा संपलेला अध्याय आहे, असेच बहुतेक जाणकारांचे मत झाले असावे.

अशा वेळी पुढे आला तो ला कूर यांचा जुना विद्यार्थी. योहानेस यूल आता एका वीजकंपनीत अभियंता होते आणि साठीकडे झुकले होते. गुरूने उभ्या केलेल्या ज्ञानाला त्यांनी नव्या काळाची जोड दिली. चक्कीने स्वतंत्र गावठाण वीज न देता थेट प्रत्यावर्ती वीजजाळ्यात भर घालावी, अशी त्यांची योजना होती. १९५७ मध्ये डेन्मार्कच्या दक्षिण टोकाला गेडसर येथे त्यांनी २४ मीटर व्यासाची, तीन पात्यांची, २०० किलोवॉट क्षमतेची चक्की उभारली. वादळात पात्यांची रचनाच वेगाला लगाम घालील आणि गरज पडल्यास पात्यांची टोके वळून ब्रेक लागेल, अशी तिची घडण होती. ही चक्की सुमारे दहा वर्षे अत्यल्प देखभालीत चालली. तरीही स्वस्त तेलासमोर तिचा निभाव लागला नाही आणि १९६७ मध्ये ती थांबवण्यात आली.

१९७३ च्या तेलसंकटाने डेन्मार्कला पुन्हा एकदा आपल्या वाऱ्याची आठवण करून दिली. ऊर्जेसाठी हा देश जवळजवळ पूर्णतः आयात तेलावर विसंबून होता. गेडसरची बंद पडलेली चक्की दुरुस्त करण्यात आली. तिच्यावरील मोजमापांत अमेरिकेच्या नासा या संस्थेलाही रस होता. क्रिस्टियन रीसगर या सुताराने गेडसरच्याच धर्तीवर २२ किलोवॉटची छोटी चक्की बनवली आणि तशा चक्क्यांना ग्राहकही मिळाले. पश्चिम जटलंडमधील ट्विंड येथे शाळांच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी स्वयंसेवकांच्या मदतीने १९७८ मध्ये प्रचंड चक्की बांधून पूर्ण केली. शिक्षक, सुतार, शेतकरी, स्थानिक मालकी, हे सारे आस्कोव्हच्याच परंपरेतले होते. अमेरिका आणि जर्मनीतील मोठ्या कंपन्यांनी त्याच काळात उभारलेल्या काही महाकाय चक्क्या लवकर बंद पडल्या. डेन्मार्कचा लहानापासून मोठ्याकडे जाणारा मार्ग मात्र टिकला.

१९९१ मध्ये विंडेबी येथे डेन्मार्कने समुद्रातील जगातील पहिले पवनऊर्जा क्षेत्र कार्यान्वित केले. त्यातील ११ चक्क्या २०१७ पर्यंत सेवेत राहिल्या. अलीकडच्या वर्षांत त्या देशाच्या विजेच्या गरजेपैकी सुमारे निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा वाऱ्यापासून येतो. भारतातही १९८० च्या दशकात पवनऊर्जेचा प्रारंभ झाला, तेव्हा डॅनिश यंत्रे आणि डॅनिश साहाय्य यांचा त्यात वाटा होता. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवर फिरणारी तीन पात्यांची चक्रे त्याच तंत्रपरंपरेतील आहेत. मोजकी आणि वेगाने फिरणारी पाती अधिक वीज देतात, हे आस्कोव्हच्या नळकांड्यांत सिद्ध झालेले तत्त्व या पठारांवरही लागू आहे.

ला कूर यांच्या कार्याचा हिशेब मांडताना त्यांच्या अपयशांचीही नोंद घ्यावी लागते. हायड्रोजनचे इंजिन त्यांना साधले नाही. एकदिश विजेची गावकेंद्रे काळाच्या ओघात संपली. खेड्यांतून शहरांकडे जाणारा लोंढाही पवनचक्क्यांनी थांबवला नाही. तरीही दोन गोष्टी टिकल्या. पहिली म्हणजे वाऱ्याचे शास्त्रशुद्ध मोजमाप आणि दुसरी म्हणजे ते समजणारी माणसे. गुरूच्या निधनानंतर जवळपास पन्नास वर्षांनी त्यांच्या एका विद्यार्थ्याने गेडसरची चक्की उभारली, हे त्या वर्गांचे खरे फळ होय.

वाऱ्याच्या आणि सूर्याच्या विजेपासून हायड्रोजन तयार करून तो साठवण्याचे प्रकल्प आज अनेक देश हाती घेत आहेत. भारत सरकारनेही २०२३ मध्ये हरित हायड्रोजनसाठी राष्ट्रीय अभियान मंजूर केले. वारा पडल्यावर काय, या प्रश्नाचे ला कूर यांनी शोधलेले आणि नंतर बाजूला ठेवलेले उत्तर अशा रीतीने पुन्हा विचारार्थ आले आहे. यंत्रे आता अफाट मोठी झाली आहेत आणि त्यांची मालकी बहुधा दूरच्या कंपन्यांकडे असते. ज्या गावाच्या माळावर चक्की फिरते, त्या गावाला ती चालवता यावी, दुरुस्त करता यावी आणि तिचा लाभ मिळावा, हा ला कूर यांचा दुसरा आग्रह मात्र अजून पुष्कळ ठिकाणी पूर्ण व्हायचा आहे. आस्कोव्ह येथील १८९७ च्या चक्कीची इमारत आजही उभी आहे. तेथे आता ला कूर यांच्या नावाचे संग्रहालय आहे.